बाळ गाढ झोपलेलं पाहिजे

आमच्या गावात माणूस जन्मला की आधी त्याचं बॅनर लागतं, मग आधार कार्ड निघतं. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. चुडाव्याच्या स्टेशनाकडून गावात शिरलं की चौकात विजेचे दोन खांब आहेत. त्या खांबांच्या मधोमध बारा महिने कुणाचं तरी तोंड ताणून बांधलेलं असतं. वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि अलीकडे बाळं. टोपल्यातली, लोकरीत गुंडाळलेली, हनुवटीखाली हात ठेवलेली, सगळीच्या सगळी झोपलेली. उघड्या डोळ्यांचं बाळ त्या खांबांवर मी एकदाही पाहिलेलं नाही.

या बॅनरांविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. मथळा होता, 'चौक कुणाच्या बापाचा?' पत्रक लोकांनी वाचलं, हसले, एकानं त्यात भजे बांधून नेले. बॅनरं होती तिथंच राहिली.

पुढच्याच थंडीत माझ्या ताईला मुलगी झाली आणि दाजी म्हणाले, "आपल्या पोरीचं बॅनर त्या खांबावर लागणार."

दाजी सेलूला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहेत. कापसाची गाडी काट्यावर चढली की नुसत्या नजरेनं वजन सांगतात. मुलगी वेळेच्या आधी झाली, दवाखान्यातल्या काट्यावर ठेवली तर काटा जेमतेम हलला. ती सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तोवर दाजी रोज सेलूहून येऊन सिस्टरला एकच विचारायचे, "वाढलं का मॅडम? थोडं तरी?"

घरी सोडताना सिस्टरनं ताईला शिकवलं होतं. बाळ उघड्या छातीला लावून ठेवायचं, वरून पदर. डोक्यावर टोपडं. दर दोन तासांनी दूध, झोपलेलं असलं तरी उठवून. "एवढी लहान बाळं भुकेनं रडत नाहीत, बाई. दमली की झोपतात. झोप बघून खूश व्हायचं नाही." आणि उठवायचं कसं, तर तळपायाला टिचकी. एकदा, दोनदा, रडेपर्यंत. ताईला पहिल्यांदा हातच उचलवेना. सिस्टर म्हणाली, "मार. तिला लागत नाही, जाग येते."

वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. ताई बाळंतपणाला आली आणि घरकुलाची ती एक खोली भरून गेली. ताई दिवसभर छातीशी पोर बांधून बसायची. आई म्हणायची, "वांदराच्या पिल्लावानी दिसायलीय." पण पोर धरू लागली. गाल वर आले. आवाज आला. तो आवाज ऐकायला शेजारच्या बायका दारात उभ्या राहायच्या, इतका बारीक होता.

नामकरण ठरलं विहारात आणि दाजींनी फोटोचा विषय काढला.

मी म्हणाले, "दाजी, हे फॅड आहे. बड्या घरच्या लोकांनी काढलं, आपण कशाला त्यांच्या मागं पळायचं?"

"तुझं पत्रक वाचलं मी. चौक कुणाच्या बापाचा. मग सांग ना, कुणाच्या बापाचा?"

"सगळ्यांचा."

"सगळ्यांचा, तर आपलं एक तरी बॅनर लागलं का तिथं आजवर? आपली बॅनरं वस्तीच्या तोंडाला, बोरच्या खांबाला. तिथं लावू नका म्हणून कुणी सांगितलं का? न्हाई सांगितलं. तरी आपण तिथंच लावतो. जावई झाल्यापासून बघायलोय मी."

यावर माझं उत्तर होतं ते दाजींच्याच बाजूचं होतं. रस्ता, पाणी, स्मशान, चौक, हे सगळं मीच भाषणात म्हणत होते. आता एक बाप म्हणत होता की माझी लेक त्या उंचीवर टांगा, तर मी काय सांगणार, की थांबा, आधी तुमची जाणीव वाढू द्या?

फोटोवाला पूर्ण्याचा. लग्नं करायचा, हे बाळांचं काम मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला. वयानं माझ्याएवढाच, बोलायला गोड. आदल्या दिवशी त्यानं दाजींच्या फोनवर बोलून पाठवलं. दाजींनी ते मोठ्यानं लावलं आणि आम्ही चौघांनी चहा पिता पिता ऐकलं.

"दादा, बेबी एकदम गाढ झोपंत पाहिजे. जागी बेबी असली की पोज बसत न्हाई. सकाळी आंघोळ घाला, मग जरा जागी ठेवा, मी आलो की पोटभर दूध पाजा. आणि खोली लय गरम लागते बरं का. बेबीच्या अंगावर कपडे नसतात, थंडी वाजली की उठते. आपल्याला घाम आला पाहिजे एवढी गरम. हीटर लावून ठेवा. मध्ये दार उघडायचं न्हाई, पाव्हणे आत घ्यायचे न्हाईत."

"कपडे नसतात?" ताई म्हणाली.

"टोपल्यात ठेवतेत, वरून मऊ कापड," दाजी म्हणाले. "बघितलं न्हाईस का ते सरपंचाच्या नातवाचं?"

"त्याचं वजन किती होतं?"

दाजी म्हणाले, "म्हणून तर खोली गरम करायची."

सकाळी घर असं हललं की जणू विधान परिषदेवरचं कुणी येणार आहे. आईनं जमीन दोनदा पुसली. मी वस्तीच्या खालच्या अंगाला जाऊन बांबूचं नवं टोपलं आणलं, तारेच्या ब्रशनं घासलं, एकेक कुसळ बोटानं चाचपून काढलं. ताईनं आपलं जुनं मऊ लुगडं फाडून घड्या केल्या. पोरीला आंघोळ घालून काजळाचा टिळा लावायला आई निघाली तर दाजी म्हणाले, "फोटोत काळं दिसंल." आई म्हणाली, "मंग तळपायाला लावते, तिथं कोण बघतंय?" आणि लावला.

फोटोवाला त्याच्या चारचाकीतून आला. मागं प्लॅस्टिकचा चंद्रकोरीचा पाळणा, लोकरीच्या टोप्या, पांढरी केसाळ कातडी, दिवे. मी लोकरीची टोपी हातात घेतली. "ही किती बाळांच्या डोक्यावरून आली? धुता का?" तो लाजला. म्हणाला, "धुतो की ताई, मधी मधी." मी तिथंच त्याचं बौद्धिक घेतलं. दहा मिनिटं बोलले असेन. शेवटी त्याचं सगळं सामान बाहेर ओट्यावर राहिलं आणि आमचं टोपलं, आमचं लुगडं, आईनं शिवलेली कुंची आत आली. जंतूंवर मी विजय मिळवला.

हीटर दाजींनी सेलूहून आणला होता. लावला, तर त्याची तार नुसती तांबूस होऊन राहिली. त्या वेळी मोटारी चालू असतात, शिवारात सगळीकडं पाणी देणं चाललेलं, घरात दिवासुद्धा पिवळा पडतो. फोटोवाल्यानं आपला दिवा लावला आणि तारही विझली.

"आता?" दाजी म्हणाले.

"आता काय आता?" आई उठली. "बाळंतिणीची खोली हीटरनं तापवायलात व्हय? आमी काय केलं इतक्या दिवस?"

ती शेगडी घेऊन आली. शेगडी आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली असतेच. आंघोळ झाली की लोणारी कोळशावर ओवा, बाळंतशोप टाकायचा, आईला आणि पोराला शेक द्यायचा, थोड्या वेळानं बाहेर काढायची. वस्तीतल्या घरांतून देव गेले, त्यांचे टाक गेले, पण बाजेखालची शेगडी राहिली, कारण तिचा देवाशी काही संबंध नाही असं सगळ्यांचं मत होतं. थंडीला काय धर्म असतो?

पण तो शेक जुन्या घरातला. मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्रे आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट. धूर आपला आपण निघून जायचा. आता वर स्लॅब. घरकुल मिळावं म्हणून तालुक्याला आम्ही दोन वेळा धरणं धरलं होतं, पत्रक माझंच होतं, त्यात 'पक्कं छत' हा शब्द जाड टाइपात होता. पक्कं छत मिळालं. एक खिडकी, एक दार. रोज शेक देताना आई दार उघडं टाकायची, का ते तिला सांगता आलं नसतं, डोळे चुरचुरतात म्हणून टाकायची. त्या दिवशी फोटोवाल्यानं सांगितलं होतं, दार उघडायचं न्हाई. खिडकीतून वारं येतं आणि उजेड एका बाजूनं पडतो म्हणून त्यानं खिडकीवर आमचीच जाड वाकळ खिळ्याला अडकवली. आईनं शेगडी चांगली फुलवून बाजेखाली सरकवली, थोड्या वेळानं कोळसे अजून घातले. ओवा नाही टाकला, कारण धूर फोटोत येईल. त्यामुळं धूर नव्हताच. कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत.

खोली तापली. फोटोवाला म्हणाला, "अस्सल! पुण्याच्या स्टुडिओत पण इतकी गरम न्हाई राहत."

ताईनं पोटभर पाजलं. पोर छातीवरच झोपली. फोटोवाल्यानं हात चोळून गरम केले आणि तिला अलगद उचललं. ते मात्र त्यानं छान केलं, खोटं बोलणार नाही. टोपल्यात ठेवली, लुगड्याची घडी अंगावर घेतली, एक हात गालाखाली दुमडला. पोरीनं तोंड वाकडं केलं, कुरकुरली, हात सोडवून घेतला. त्यानं परत दुमडला. परत सोडवला.

"चळवळीची दिसायलीय मावशीवानी," दाजी म्हणाले. सगळे हसलो.

मग ती शांत झाली. हात दुमडला तो राहिला. पालथी घातली, तशी राहिली. दोन्ही पाय पोटाशी घेतले, हनुवटी मनगटावर ठेवली, बेडकासारखी, तशीही राहिली. फोटोवाला हरखून गेला. "दादा, खरं सांगतो, अशी बेबी मला आजवर भेटली न्हाई. काही काही तर रडून आख्खा दिवस खातेत. ही बघा! देवमाणूस हाय."

दाजींची छाती फुगली. त्यांनी मला कोपरखळी मारली. "लिही आता पत्रक."

ताई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिचं पोलकं दुधानं भिजलं होतं. म्हणाली, "वेळ झाली. पाजू का?"

"ताई, दोनच राहिलेत. आता उठली तर परत अशी झोपायची न्हाई."

"उठवून पाजायला सांगितलंय."

"हो हो, दोनच." त्यानं कपाळ चोळलं. "गरम लय झालंय राव." माझंही डोकं दुखत होतं, दिव्यानं असेल. आई म्हणाली, बाहेर जाऊन चहा टाकते, आणि उठताना तिनं भिंत धरली. दार उघडून तिनं मागं पटकन ओढून घेतलं, वारं लागू नये म्हणून.

ताई उठली, दोन पावलं गेली आणि खोलीतल्याच मोरीत ओकली.

"पित्त झालंय," दाजी म्हणाले. "सकाळपासनं खाल्लं न्हाई तिनं."

ताईनं तोंड धुतलं. ती परत आली ते सरळ टोपल्याकडं. फोटोवाला गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावून होता. त्याच्या आणि टोपल्याच्या मधून हात घालून तिनं पोर उचलली. तो म्हणाला, "अहो ताई, अहो, एकच..." तिनं पदर बाजूला केला आणि पोरीचं तोंड छातीला लावलं.

तोंड उघडंच राहिलं. दूध ओठांवरून हनुवटीवर आलं, तिथून मानेत गेलं.

ताईनं तळपायाला टिचकी मारली. काजळाचा टिळा होता त्याच पायाला. परत मारली. मग दुसऱ्या पायाला. तिसरी टिचकी तर मला ऐकू आली, एवढी जोरात होती.

"ही उठंना," ताई म्हणाली. अगदी साध्या आवाजात. मग ओरडली, "ही उठंना! दार उघडा!"

पत्रकं मी बरीच लिहिली आहेत. आरोग्याच्या मोहिमेसाठी एक लिहिलं होतं, गावोगाव वाटलं होतं, गंगाखेडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत नेलं होतं. त्यात एक ओळ होती, 'बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, तर वाट पाहू नका.' ती ओळ त्या क्षणी मला आठवली असं लिहिलं तर शोभून दिसेल. नाही आठवली. मी दार उघडलं आणि बाहेरची थंड हवा तोंडावर आली तेव्हा माझेच पाय वाकले.

अॅम्ब्युलन्सला फोन लावत बसायला फोटोवाल्यानं दिलं नाही. ओट्यावरचं त्याचं सामान तसंच टाकून त्यानं गाडी काढली. ताई मागं, पोर उघड्या छातीला, वरून पदर, वरून दाजींचं स्वेटर. गाडीच्या सगळ्या काचा खाली. थंडीत काचा खाली का, हे तेव्हा आम्हाला कळतही नव्हतं, ताईच म्हणत होती, "वारं येऊ दे, वारं येऊ दे." वाटभर ती टिचक्या मारत होती. एकदा पोरीनं बोट हलवलं असं दाजी म्हणाले. मी पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं पोर आत नेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती?"

आई म्हणाली, "शेक तर द्यावाच लागतो, साहेब."

"दार बंद?"

दाजींनी मान हलवली. डॉक्टरनं सांगितलं, कोळशाचा विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपतो आणि झोपेतच जातो. तुम्ही मोठे म्हणून डोकं दुखण्यावर भागलं. तिला ऑक्सिजन लावलाय. मग तो सिस्टरकडं वळून म्हणाला, "अडाणी लोकं. यांना किती सांगा."

हा शब्द ऐकला की माझी जीभ आपोआप उठते. मी म्हणाले, "काय सांगितलं तुम्ही? छातीला लावा सांगितलं, टोपडं घाला सांगितलं. शेगडीचं कुणी सांगितलं? माझ्या आईला दोष देऊ नका. हा वायू असतो हे माझ्या बी.ए.च्या पर्यावरणाच्या पुस्तकात होतं, तिच्या बाजेवर कुणी येऊन सांगितलं?"

दाजींनी माझा दंड धरला. "गप, बाई. ती आत हाय. आत्ता भांडू नकोस." मुलगी ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी भांडता येत नाही, आपलं कितीही खरं असलं तरी.

आई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिला कुणी काही बोललं नव्हतं. ती आपणहूनच म्हणत होती, "तुमाला दोघींना बी असाच शेक दिला. असाच दिला. तुमी कशा जगलात मग?" तिला उत्तर हवं होतं. ती मस्करी नव्हती, रडगाणंही नव्हतं. पत्र्याच्या फटीमुळं जगलो, हे मी तिला कितीतरी दिवसांनी सांगितलं.

पोर वाचली. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, तिनं डोळे उघडले, मग नळीनं दूध, मग चमच्यानं, मग ताईच्या अंगावर. घरी सोडताना डॉक्टर जरा नरम होता. म्हणाला, मेंदूला किती काळ हवा कमी पडली सांगता येत नाही. दाखवायला आणत राहा. मान कधी धरते, आवाजाकडं बघते का, त्यावर लक्ष ठेवा.

ऑटोनं परत आलो. चौकात शिरलो आणि ताईनं माझं मनगट धरलं.

दोन खांबांच्या मध्ये ती होती. आमची. टोपल्यात, मनगटावर हनुवटी, पापण्या मिटलेल्या, गाल गुलाबी. इतकी सुंदर की कुणीही थांबून बघावं. बॅनर आधीच सांगून ठेवलेलं होतं. फोटोवाल्यानं पहिल्याच रात्री, आम्हाला दवाखान्यात सोडून गेल्यावर, पुढं काय झालं हे नीट न कळता, फोटो छापायला पाठवला होता आणि दाजींच्या वस्तीतल्या दोस्तांनी, मुलगी वाचली असं कळल्यावर, आनंदानं ते नेऊन बांधलं होतं. चौकातच. त्या उंचीवर. कुणी अडवलं नव्हतं.

"थांबव," ताई ऑटोवाल्याला म्हणाली. तिनं त्या फोटोकडं पाहिलं, मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं. "त्यात ती मरायलीय," ती म्हणाली. "ते मरायलेलं तोंड हाय."

दाजी उतरले. पानटपरीवाल्याकडून विळा मागितला आणि खांबावर चढले. खालून एकजण म्हणाला, "का काढायलाव, जावईबापू? लय झकास आलंय. किती शांत झोपलीय!" दाजींनी दोऱ्या कापल्या, बॅनर खाली पडलं, त्यांनी ते गुंडाळून काखेत मारलं. दुसऱ्या दिवशी त्या खांबांवर कुणाच्या तरी निवडीचं बॅनर लागलं.

आमच्याकडं बॅनरचं कापड कधी वाया जात नाही. कुणी कडब्यावर टाकतं, कुणी न्हाणीला आडोसा करतं. हे कापड मात्र दाराच्या मागं उभं आहे. आई झाडताना ते उचलून बाजूला ठेवते आणि परत तिथंच ठेवते.

शेगडी आता बाहेर ओट्यावर पेटते. मी नवं पत्रक लिहिलं, बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीवर. घरोघर गेले. एका म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या घरी झालं ते वंगाळ झालं, पण शेक सोडता येत न्हाई, बाई." मी म्हणाले, सोडू नका, दार तेवढं उघडं टाका. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लहान मागणी. तीही सगळ्या घरांनी मान्य केलेली नाही.

मुलीनं मान धरली, उशिरा धरली. टाळी वाजवली की कधी बघते, कधी बघत नाही. दाजी आले की दारातूनच टाळी वाजवतात आणि तिच्याकडं एकटक बघत उभे राहतात, काट्यावर गाडी चढल्यावर बघतात तसे. बघितलं तर आत येतात. नाही बघितलं तर परत वाजवतात.

आणि ताई तिला झोपू देत नाही. आता दोन तासांचा नियम नाही, वजन भरलंय, डॉक्टर म्हणतो झोपू द्या. तरी पोर गाढ झोपली, हातपाय सैल पडले, की ताई हातातलं काम टाकून येते, तळपाय शोधते आणि टिचकी मारते. पोर दचकून रडते. आई चिडते, "अगं झोपू दे तिला, कामून मारायलीस?"

"रडली," ताई म्हणते, आणि परत कामाला लागते.